चोवीस डोळ्यांचं जनावर

गोपिका गजभिये रागीट आहे, असं कॉलेजात सगळे म्हणत. ते खोटं नव्हतं. स्टाफरूममध्ये ती आली की बोलणी थांबत, आणि ती गेली की पुन्हा सुरू होत. तिच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे ज्यानं त्यानं एकमेकांना सांगून झालं होतं. तो राग तिथं कोणी नेऊन ठेवला, हे मात्र कोणी बोलत नसे, कारण बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांचा त्यात हात होता.

नागपुरातल्या एका खाजगी कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवत होती. साल चौऱ्याहत्तर. घर जरीपटक्याच्या अलीकडच्या वस्तीत, दोन खोल्यांचं. बाप लवकर गेला. आई अंजनाबाई, जन्मभर मिलमध्ये सुताच्या खात्यात उभी राहिलेली, कानानं जरा कमी आणि जिभेनं जरा जास्त. छप्पन साली पांढरं लुगडं नेसून ती दीक्षा घ्यायला मैदानावर गेली होती, तेव्हा गोपिका तिचं बोट धरून होती. त्या दिवशी परत येताना अंजनाबाईनं पोरीला सांगून टाकलं होतं की आता तू शिकशील तितकं शिक, मी आहे. आणि ती खरोखर होती. गोपिका एम.एस्सी. झाली, नोकरीला लागली, तरी अंजनाबाईची ड्यूटी काही संपली नाही. सुट्टीच्या दिवशीही लेक कॉलेजात जाऊन बसली, तर ही डबा घेऊन मागोमाग हजर.

कॉलेजात गोपिकाचे वैरी दोन. एक उघड, एक गोड.

उघड वैरी म्हणजे प्रयोगशाळेचा शिपाई भैय्याजी. काटोलकडचा, घरी थोडी शेती, अंगात मोठी घमेंड. सहा वर्षांत त्यानं तिला एकदाही मॅडम म्हटलं नाही. चहा आणला तर तिचा कप वेगळा, कान तुटलेला, खिडकीत पालथा घातलेला. तिच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी नेमकी किल्ली सापडत नसे. एकदा तर ती ऐकेल अशा बेतानं तो दुसऱ्या शिपायाला म्हणाला होता, "आता हे लोक आपल्याले बेंडकं चिरणं शिकवून राहिले." गोपिकानं तिथल्या तिथं त्याला असं काही फाडलं की वर्गातली मुलं बाकावर उभी राहून ऐकत होती. त्यानंतर दोघांत सरळ बोलणंच राहिलं नाही. ती वस्तूचं नाव घेई, तो ती वस्तू आपटून ठेवी.

गोड वैरी म्हणजे विभागप्रमुख शरच्चंद्र सर. ते कधी आवाज चढवत नसत. "गोपिकाबाई, तुमची जिद्द फार," असं हसून म्हणत, आणि त्या हसण्यात ती जिद्द कधी एकदा तोंडावर आपटते याची वाट पाहणं असे.

तर या दोघांच्या नाकावर टिच्चून गोपिकानं जेलीफिश आणली.

उन्हाळ्यात ती कोकणातल्या एका किनाऱ्यावर राहून आली होती. तिथं खाजणाच्या पाण्यात अंगठ्याच्या नखाएवढी चौकोनी जेलीफिश मिळत. पुन्हा पावसाळ्यात जाऊन तिनं त्यातली आठ-दहा काचेच्या बरण्यांत भरली, बरोबर समुद्राच्या पाण्याचे डबे घेतले, आणि बस, मग गाडी, असं करत नागपूरला आली. प्रवासभर बरण्या मांडीवर. शेजारच्या बाईनं विचारलं, लोणचं आहे काय, तर गोपिकानं तिच्याकडं असं पाहिलं की ती बिचारी पुढच्या स्टेशनला जागा बदलून बसली.

हा खटाटोप कशासाठी, तर डोळ्यांसाठी. बहुतेक जेलीफिशांना उजेड-अंधार कळण्यापुरते ठिपके असतात. या चौकोनी जातीची गोष्टच निराळी. तिच्या पेटीसारख्या अंगाच्या चारही बाजूंना एकेक देठ लोंबतो आणि प्रत्येक देठाला सहा डोळे. त्यातले चार नुसते खड्डे. पण उरलेले दोन अगदी आपल्या डोळ्यांसारखे, पुढं भिंग आणि मागं पडदा. असे एकूण चोवीस डोळे, आणि त्या डोळ्यांनी पाहिलेलं समजून घ्यायला डोक्यात मेंदू म्हणावा असा काही नाहीच. डोकंच नाही. मग हे जनावर पाहतं तरी काय? गोपिकाला या प्रश्नानं झपाटलं होतं.

शरच्चंद्र सरांनी कोपऱ्यातली अंधारी खोली दिली. अट एकच घातली, बाहेरचं माणूस आत येता कामा नये. "कॉलेजची जागा आहे, घर नव्हे," ते हसून म्हणाले. एक किल्ली तिच्याकडं, दुसरी भैय्याजीकडं.

त्या खोलीत तिनं काचेची टाकी मांडली. स्लाइड दाखवायचा दिवा एका बाजूला लावला. सीताबर्डीवरच्या नाटकवाल्यांच्या दुकानातून रंगीत जिलेटिनचे कागद आणले. दिव्यापुढं हात नेला, सावली पडली, की जनावराचं आकुंचन-प्रसरण एकदम बदले, ते तोंड फिरवून दुसरीकडं जाई. निळा किंवा हिरवा कागद लावला की सगळी उजेडाच्या पट्ट्यात येऊन जमत. लाल लावला की दिवा विझल्यासारखी खाली रेंगाळत.

यावरून दुसरा कोणी असता तर त्यानं जेलीफिशला रंग दिसतात असं ठोकून दिलं असतं. गोपिका तशी नव्हती. दिवेलागणीला दोरीवर वाळत घातलेली लुगडी आपल्याला दिसतात, पण लाल कोणतं आणि हिरवं कोणतं ते कळत नाही. एखादं जरा उजळ, एखादं जरा काळपट, एवढंच. या जनावराचंही तसंच असेल तर? हिरवा उजेड त्याला हिरवा दिसत नसेल, नुसता जास्त लख्ख वाटत असेल, आणि लाल नुसता अंधार. हे ताडून पाहायला एकच मार्ग होता. निळा आणि हिरवा असे दोन उजेड समोरासमोर लावायचे, आणि जो जास्त लख्ख असेल त्याच्यापुढं पातळ कागदांचे थर वाढवत जायचे. कुठल्याच थराला जनावर दोन्हींत फरक करेनासं झालं नाही, तर त्याला रंग कळतो. एका ठरावीक थराला ते दोन्हीकडं सारखंच जाऊ लागलं, तर त्याला फक्त उजेडाचं कमी-जास्त कळतं. ते थर लावण्याचं काम अर्ध्यावर आलं होतं.

पोळ्याचा दुसरा दिवस, तान्ह्या पोळ्याची सुट्टी होती. इमारतीत चिटपाखरू नव्हतं. अंजनाबाई डबा घेऊन आली, आणि बाहेर पावसाची भुरभुर होती म्हणून गोपिकानं तिला खोलीत घेतलं. टाकीपाशी नेऊन दाखवलं. आईशी ती घरच्याच बोलीत बोले.

"माय, हे पाय. याले चोवीस डोळे आहेत."

"चोवीस?" अंजनाबाई काचेला नाक लावून वाकली. "आन् करतात काय एवढ्या डोळ्यायचं?"

"तेच तर पाहून राहिली मी."

मग तिला आठवलं की पातळ कागद संपलेत. आईला तिथंच बसवून ती सीताबर्डीवर जाऊन आली. परत आल्यावर दोघी जेवल्या, आणि दिवा सारखा तापत होता म्हणून तिनं टाकीवर काळं कापड टाकून त्या दिवशीचं काम आवरतं घेतलं.

दुसऱ्या दिवशी कापड उचललं तर सगळी तळाशी. नुसती मेलेली नव्हती. पांढरी, ताठ, रबरासारखी. संग्रहालयाच्या कपाटातल्या बरण्यांत असतात तशी.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. फॉर्मालिन! फॉर्मालिनच्या बाटल्या भैय्याजीच्या कपाटात, दुसरी किल्ली भैय्याजीकडं. वासावरून काही ठरवावं तर त्या अख्ख्या मजल्यालाच फॉर्मालिनचा वास. तिनं टाकी तशीच ठेवून व्हरांडा गाठला.

"काय टाकलं तुम्ही पाण्यात?"

भैय्याजी स्टुलावर बसून होता. उठलासुद्धा नाही. "मले काय गरज पडली? समुद्राचे जीव नागपुरात आणून ठेवले. मरणारच होते ते."

आणि तो हसला. त्या हसण्यानंच त्याचा घात केला. गोपिका तरातरा सरांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "भैय्याजीनं माझे प्राणी मारले. तो इथं राहिला तर मी प्राचार्यांकडं जाईन, वर्तमानपत्रात जाईन." सरांना ही बाई वर्तमानपत्रात जायला नको होती, आणि उलट उत्तरं देणारा भैय्याजीही फारसा प्रिय नव्हता. त्यांनी भैय्याजीला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. चौकशीत दोषी ठरला की नोकरी जाणार, हे सगळ्या कॉलेजाला कळून चुकलं. त्या आठवड्यात गोपिकाला पहिल्यांदा साध्या, न तुटलेल्या कपातून चहा मिळाला. नव्या शिपायाला काही माहीत नव्हतं एवढंच.

पाऊस लागून राहिला होता. नळाला चहासारखं पाणी येत होतं. त्या दिवसांत नागपुरात घरोघरी होतं तेच अंजनाबाई करत होती. पितळी गुंडात पाणी भरून घ्यायचं आणि तुरटीचा खडा हातात धरून गरगर फिरवायचा. गाळ खाली बसतो, वरचं पाणी नितळ. पावसाळाभर तो खडा तिच्या कमरेच्या पिशवीत सुपारीबरोबर असायचाच.

"तुह्या त्या जनावरायच्या पाण्यातही फिरवली होती मी," ती सहज म्हणाली. "लय गढूळ झालं होतं वं. म्हटलं, एवढे डोळे असून काय फायदा, बिचाऱ्यायले काही दिसत नसंन."

गोपिका पोळी लाटत होती. तिचे हात थांबले. टाकीत कोळंबीचे तुकडे टाकून पाणी ढवळलं गेलं होतं, हे तिला आठवलं. तुरटीनं चामडी आवळते, कातडं ताठ होतं, हे तर ती वर्गात शिकवत होती. पांढरी, ताठ, रबरासारखी.

"जगले का नाही मंग ते?" अंजनाबाईनं विचारलं.

"नाही जगले," गोपिका म्हणाली. "इकडची हवा मानवली नाही."

ती पुन्हा पोळी लाटू लागली.

आता इथं तिची बाजू मांडायला पाहिजे, कारण ती स्वतः कधी मांडणार नाही. खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? माझी आई खोलीत आली होती, तिनं समुद्राच्या पाण्यात तुरटी फिरवली. अट मोडली म्हणून खोली जाईल, ते एक. पण त्याहून मोठं दुसरंच होतं. ती स्टाफरूम तिच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. सर हसतील, बाकीचे मान खाली घालून हसतील, आणि मग वर्षानुवर्षं कुठलीही टाकी, कुठलीही बरणी समोर आली की कोणीतरी म्हणेल, तुरटी फिरवू का? तिच्या आईला, जिनं तिला इथवर आणलं, हे लोक चघळतील. आणि कोणासाठी? भैय्याजीसाठी? सहा वर्षं त्यानं तिला डिवचलं, तेव्हा कोणती चौकशी बसली होती? न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा त्याला होत असेल तर होवो, केलेल्यांची तरी कुठं झाली होती. असं ती मनाशी घोळवत राहिली. तिला त्यात बरंही वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याची किळसही येत होती.

रविवारी सकाळी दारात आरडाओरडा झाला. भैय्याजीची बायको रुखमाबाई, पदर खोचून, अर्धी वस्ती मागं जमवून उभी होती. विनवायला आली नव्हती.

"कुठं आहे ती मास्तरीण? बाहेर ये म्हणा! माह्या माणसाच्या पोटावर पाय देऊन राहिली!"

अंजनाबाई दारात आडवी झाली. "आवाज खाली कर वं. हे माहं घर आहे."

"तुह्या पोट्टीनं खोटं नाव घेतलं त्याचं!"

"माही पोट्टी खोटं बोलत नाही!" अंजनाबाई अशी ओरडली की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. "तुह्या माणसानं कप येगळा ठेवला तिचा, ते सांग पहिले! मिलमध्ये मी लय पाह्यले असे. लाज वाटत नाही इथवर चालत याले?"

"कप ठेवला असंन! तसाच आहे तो, मी काय त्याले सुधारू? पण जीव नाही मारले त्यानं. पाण्यात औषध टाकलं म्हणते, जनावरं पांढरी अन् कडक झाली म्हणते. तान्ह्या पोळ्याले तो गावाले होता, माह्यासंगं! कोणी इचारलं काय?"

अंजनाबाई काही बोलणार होती. तोंड उघडलेलं तसंच राहिलं. तिनं वळून आतल्या दारात उभ्या असलेल्या लेकीकडं पाहिलं. गोपिकानं नजर चुकवली. तेवढं पुरलं.

रुखमाबाई आणखी बरंच बोलून, हवेत बोटं मोडून गेली. अंजनाबाईनं दार लावलं. दोघींनी एकाच चुलीपुढं बसून, एकमेकींकडं न पाहता जेवण केलं.

सोमवारी सरांच्या खोलीत चौकशी होती. भैय्याजी भिंतीला टेकून उभा, गोपिका खुर्चीत. सर कागद सरळ करत होते, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"येऊ काय?"

अंजनाबाई धुतलेलं पांढरं लुगडं नेसून आली होती. सरांनी बसा म्हटलं नाही, आणि अंजनाबाईनं वाट पाहिली नाही.

"पाण्यात तुरटी म्या फिरवली. या माणसानं काही केलं नाही."

"तुरटी?" सरांच्या चेहऱ्यावर ते हसू उमलायला लागलं. "समुद्राच्या पाण्यात?"

"मले कुठं समुद्र माहीत, साहेब. गढूळ पाणी पाह्यलं, फिरवली. तुमच्या घरी नाही फिरवत काय पावसाळ्यात?"

सर घरी फिरवत होतेच. त्यांनी मान वळवली. "म्हणजे तुम्ही बाहेरचं माणूस खोलीत घेतलं होतंत. आणि हे तुम्हाला माहीत होतं, गोपिकाबाई?"

"तिले काय माहीत!" अंजनाबाई मध्येच बोलली. "म्या सांगितलंच नाही तिले. आज पहिल्यांदा बोलून राहिली मी."

आई खोटं बोलत होती. जन्मात कधी न बोललेली, तीही या दोघांसमोर, मान ताठ ठेवून. गोपिकानं नुसतं गप्प बसायचं होतं. भैय्याजी सुटला असता, ती सुटली असती, वेंधळी म्हातारी तेवढी हसण्यावारी गेली असती. तिला एकदम स्वतःची इतकी चीड आली की ती उठून उभीच राहिली.

"नाही सर. आईनं मला सांगितलं होतं. मी लपवलं."

मग भैय्याजी फिसकारला, "पाहा साहेब! पाहा! माही नोकरी खात होती ही बाई!"

"खात होते," गोपिका त्याच्याकडं वळून म्हणाली. "तुम्ही माणूस वाईट आहात, भैय्याजी. सहा वर्षं तुम्ही माझ्याशी जे केलंत ते मी विसरणार नाही. पण हे तुम्ही केलं नव्हतं."

"मीही नाही विसरणार," भैय्याजी म्हणाला.

"नका विसरू."

सरांनी हात पुढं केला. तिनं पर्समधून खोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. टाकी उद्यापर्यंत हलवा, ते म्हणाले. प्राचार्यांना सगळं कळवावं लागेल, तेही म्हणाले, आणि हे सांगताना मात्र ते हसले नाहीत, कारण आता त्याची गरज नव्हती. जेलीफिशला रंग दिसतो की नुसता उजेड, हे नागपुरात ठरायचं होतं ते राहिलंच.

बस थांब्यापर्यंत अंजनाबाई पुढं आणि गोपिका मागं अशा चालत आल्या. पाऊस थांबला होता. थांब्यावर कोणी नव्हतं.

"काहून बोलली तू?" अंजनाबाईनं विचारलं. "म्या झाकून घेतलं होतं ना."

"मले नाही राहवलं, माय."

"आज नाही राहवलं. मंग इतके दिवस कसं राहवलं?"

गोपिकाकडं उत्तर होतं. खोली जाईल, हे लोक तुला हसतील, तुझी टिंगल मला सोसवणार नाही, तुझ्यासाठीच गप्प राहिले. सगळं मनात तयार होतं, आणि प्रत्येक शब्द अर्धा खरा होता. अंजनाबाईनं ते बाहेर पडायची वाट पाहिली नाही. ती लेकीच्या तोंडाकडं पाहत होती. त्या पाहण्यात राग नव्हता. रागाची गोपिकाला सवय होती, तो तिनं झेलला असता.

"गोपे, खरं सांग. तुले माही लाज वाटली काय वं?"

सरांच्या खोलीत खरं बोलताना तिला काही वाटलं नव्हतं. इथं तिला आईकडं पाहवेना. नाही म्हणणं किती सोपं होतं, आणि आईनं ते मानूनही घेतलं असतं.

"हो," गोपिका म्हणाली.

अंजनाबाईनं मान हलवली. मग बस येईपर्यंत ती रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला पाहत उभी राहिली.